कोरड्या वाऱ्याची कमाई

दिवाळीच्या फराळाच्या ताटात बेसनाचा लाडू असतो आणि लाडवावर एक बेदाणा टोचलेला असतो. मुले तो आधी काढून खातात. मोठी माणसे त्याच्याकडे फारसे लक्षही देत नाहीत. हा इवलासा बेदाणा आला कोठून, असा प्रश्न दोन पिढ्यांपूर्वी कुणी केला असता, तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी बेधडक 'काबूलहून' असे उत्तर दिले असते. सुका मेवा म्हटला की डोक्याला फेटा बांधलेला पठाण डोळ्यांपुढे यायचा, तो काळ होता. आज मात्र तो बेदाणा सांगली जिल्ह्यातल्या तासगावचा किंवा कवठेमहांकाळचा असण्याचाच संभव अधिक. २०१६ साली 'सांगलीचा बेदाणा' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले आणि त्याचे गोत्र सरकारदरबारी नोंदले गेले.

यात आश्चर्य ते काय, असे वाचक विचारतील. कृष्णा-वारणेचा हा सुपीक मुलूख. येथे फळफळावळ पिकायचीच! पण खरी मौज येथेच आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत फळबागांची जी मोठी वाढ झाली, ती नदीकाठच्या काळ्याभोर मळईत फारशी झालीच नाही. ती झाली पूर्वेकडच्या माळरानावर, जेथे पूर्वी मुलगी द्यायलाही लोक कचरत, अशा दुष्काळी गावांत. पाण्याने जे दिले नाही ते कोरड्या वाऱ्याने कसे दिले, आणि आता पाणी आल्यावर त्या कमाईचे काय होणार, ही हकीकत मोठी वाचनीय आहे.

एक नदी, दोन मुलूख

सातारा आणि सांगली हे मुळात एकाच घरचे भाऊ. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याची वाटणी झाली, धाकट्याला 'दक्षिण सातारा' असे नाव मिळाले आणि १९६० साली त्याचे 'सांगली' झाले. घर वेगळे झाले तरी आई एकच राहिली. कृष्णामाई महाबळेश्वरी उगम पावते, वाईचे घाट धुते, कराडला कोयनेला पोटाशी घेते आणि औदुंबरावरून सांगलीला येऊन पुढे हरिपूरला वारणेला भेटते.

या नदीच्या दोन्ही तीरांवर भरघोस शेती आहे. कृष्णाकाठच्या वांग्यांची कीर्ती तर दूरवर पोहोचली आहे. त्यांचे भरीत ज्याने खाल्ले त्याला दुसरीकडचे वांगे गोड लागत नाही. पण नदीकाठचा खरा राजा ऊस. १९६० च्या आगेमागे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. वसंतदादा पाटलांनी सांगलीत, यशवंतराव मोहित्यांनी कराडजवळ रेठऱ्याला हे काम उभे केले, आणि नदीकाठ पाहता पाहता हिरवागार झाला. ऊस लावला की कारखाना तो नेतो आणि पैसे देतो. शेतकऱ्याला बाजारात जाऊन कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. असे असताना तो द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या नसत्या उठाठेवीत पडेल कशाला?

मात्र नदीपासून पूर्वेला जसजसे जावे तसतसे चित्र पालटत जाते. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच माण तालुका लागतो, आणि तेथे पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. साताऱ्याचे माण आणि खटाव, सांगलीचे आटपाडी, जत, कवठेमहांकाळ आणि खानापूर हा सारा पर्जन्यछायेचा पट्टा. ढग सह्याद्रीवर आपली झोळी रिकामी करतात आणि पुढच्या गावांवरून नुसते तरंगत जातात.

मराठी शिकवणाऱ्याला हा मुलूख पुस्तकांतून आधी भेटतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ साली आली, 'बनगरवाडी' १९५५ साली आली, आणि पुण्या-मुंबईच्या वाचकाला माणदेश ठाऊक झाला तो मेंढरांचा, धनगरांचा, उजाड माळाचा आणि पोट भरण्यासाठी गाव सोडणाऱ्या माणसांचा. ते चित्र खोटे नव्हते. पण आज माडगूळच्या आसपास फिरणाऱ्याला त्याच माळावर ठिबकच्या काळ्या नळ्या आणि डाळिंबाच्या ओळी दिसतात. वाङ्मयातला माणदेश आणि शेतावरचा माणदेश यांत आता एका पिढीचे अंतर पडले आहे, आणि वर्गात शिकवताना ते मुद्दाम सांगावे लागते.

पावसाचे वैरी फळ

द्राक्ष हे फळ मोठे लहरी. त्याला मुळाशी पाणी हवे. पण डोक्यावर थेंबही नको. हवेत दमटपणा आला की पानांवर केवडा आणि भुरी हे रोग धावून येतात. घड फुलोऱ्यात असताना पाऊस झाला तर फुले कुजून गळतात, आणि मणी भरल्यावर झाला तर ते तडकतात. म्हणून जेथे आकाश कोरडे आणि जमीन निचऱ्याची, तेथेच हा वेल सुखाने नांदतो. नदीकाठच्या चिकण काळ्या मातीत त्याचा जीव रमत नाही. तासगाव-कवठ्याच्या हलक्या माळरानावर मात्र तो मांडवावर चढून बसतो. ज्या जमिनीला बापजाद्यांनी 'बरड' म्हणून हिणवले, तिचाच भाव त्यामुळे वधारला.

आपल्याकडे या वेलाची वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमारास होते ती खरड छाटणी. तिच्यात जुन्या काड्या खरडून काढतात, नव्या फुटवतात आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्याच्या उन्हाने पुढल्या घडांचे बीज धरले जाते. मग दसरा-दिवाळीच्या सुमारास होते ती फळछाटणी. तिला शेतकरी 'गोडी छाटणी' म्हणतात. आमच्या भाषेतल्या किती पारिभाषिक शब्दांना इतकी चव असेल, कोण जाणे! या छाटणीपासून साधारण चार महिन्यांनी घड तयार होतात. मधल्या काळात डोळे फुटवणे, फुटी विरळणे, घड संजीवकात बुडवणे, मणी विरळणे आणि रोज उठून फवारणीचा विचार करणे, अशी कामांची रीघ लागलेली असते. द्राक्षपट्ट्यातून येणारी मुले ऑक्टोबरात वर्गात कमी दिसू लागतात. हजेरी घेताना 'सर, तो छाटणीला गेलाय' असे उत्तर आले की पुढे काही विचारण्याचे कारण उरत नाही.

या वेलाची जात मूळची परकी. 'थॉम्पसन सीडलेस' हे तिचे नाव. पण येथील शेतकऱ्याने तिला आपलीशी करून घेतले. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांना आपल्या बागेत एक वेल इतरांहून सरस दिसला. त्याची वेगळी जोपासना करून त्यांनी जी जात पुढे आणली, ती 'तास-ए-गणेश'. नावातला 'तास' हा अर्थात तासगावचा. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी अशीच निवड करून 'सोनाका' काढली. सोलापूर, नान्नज आणि काळे या तिन्हींची आद्याक्षरे त्या एका नावात बसली आहेत. प्रयोगशाळेत न शिकलेल्या माणसांनी नुसत्या नजरेच्या जोरावर ही कामगिरी केली, आणि बाजारातला लांबट मण्यांचा घड हातात घेताना त्यांची आठवण ठेवायला हरकत नाही.

पुढे दुष्काळ आणि खारे पाणी यांनी बागा करपू लागल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी अमेरिकेकडचा 'डॉगरिज' नावाचा रानवेल आणला. त्याचे मूळ काटक, क्षार सोसणारे. त्याचा खुंट जमिनीत आणि त्यावर आपल्या गोड द्राक्षाचे कलम, अशी सोयरीक जमवली. खाली एकाचे पाय आणि वर दुसऱ्याचे डोके, असा हा संसार आज बहुतेक बागांतून सुरळीत चालला आहे.

फळाचा दुसरा जन्म

परंतु नुसते फळ पिकले म्हणून बाग टिकत नाही. द्राक्ष तयार झाले की दहा-पंधरा दिवसांत ते विकावेच लागते. व्यापाऱ्याला ही निकड नेमकी ठाऊक असते. तो बागेत येतो, घड उचलून पाहतो, मान हलवतो आणि पडेल भाव सांगून मोकळा होतो. शेतकऱ्याने 'नाही' म्हणायचे, तर फळ वेलावर कुजते. वर्षाची मेहनत आणि एकरी लाखांतला खर्च पंधरा दिवसांच्या ओलिसात सापडतो. पैसे नंतर देतो म्हणून माल उचलून पसार झालेल्या दलालांच्या कथाही द्राक्षपट्ट्यात कमी नाहीत.

या ओलिसातून सुटण्याची जी वाट सांगलीकडच्या शेतकऱ्याने काढली, तिचे नाव बेदाणा. येथेही कोरडा वाराच त्याच्या मदतीला धावून आला. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत या पट्ट्यातली हवा इतकी सुकी असते की धुतलेले धोतर दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळते. द्राक्षाचे घड प्रथम पोटॅशियम कार्बोनेट आणि 'डिपिंग ऑइल' यांच्या पाण्यात बुडवून काढतात. त्याने मण्यावरचा मेणासारखा लेप सैल होतो आणि आतला ओलावा बाहेर पडायला वाट मिळते. मग सावलीच्या उंच शेडमध्ये एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर ते पसरतात आणि पुढचे काम वाऱ्यावर सोपवतात. सुमारे पंधरा दिवसांत द्राक्षाचा बेदाणा होतो. गंधकाची धुरी देऊन रंग राखतात, देठ काढतात, प्रतवारी करतात आणि माल शीतगृहात ठेवतात. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. वजन चौथाईवर आले खरे, पण आयुष्य पंधरा दिवसांचे होते ते वर्षाचे झाले!

हे आयुष्य म्हणजे शेतकऱ्याची खरी ताकद. ताज्या द्राक्षाला भाव नाही? ठीक, शेडवर टाकू. बेदाण्यालाही आज भाव नाही? शीतगृहात ठेवून दसरा-दिवाळीपर्यंत थांबू. सांगली आणि तासगावच्या बाजारात बेदाण्याचे सौदे होतात आणि देशभरचे व्यापारी तेथे येतात. त्या सौद्यांतही दुखणी आहेतच. नमुना पाहण्याच्या नावाखाली मूठमूठ बेदाणा उधळला जाण्याची रीत तेथे पडली होती आणि तिच्याविरुद्ध शेतकऱ्यांना वारंवार ओरड करावी लागली. तथापि थांबता येणे हीच मोठी गोष्ट. ज्याला थांबता येते त्याला 'नाही' म्हणता येते, आणि ज्याला 'नाही' म्हणता येते त्याच्याशीच बाजार सरळ वागतो.

ही एक कसोटी हाती धरली की दोन्ही जिल्ह्यांतल्या फळा-भाज्यांच्या वाढीचा अर्थ उलगडू लागतो.

थांबणारी पिके आणि न थांबणारी

साताऱ्याकडचे आले पाहा. कोरेगाव-कराड भागात आल्याची लागवड मोठी. भाव पडला तर शेतकरी ते काढीतच नाही. जमिनीतच राहू देतो. आले आपले मातीत मुकाट्याने बसून राहते, आणि पुढल्या हंगामात भाव चढला की बाहेर येते. कोरेगावचा वाघ्या घेवडा हाही तसाच. वाघाच्या अंगावर असतात तशा रेघा त्याच्या दाण्यावर. २०१६ साली त्यालाही भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचे दाणे वाळवून ठेवता येतात आणि राजम्याची आवड असलेल्या उत्तरेकडच्या बाजारात ते जातात. खटावचा बटाटाही काही दिवस तग धरतो.

महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी मात्र या सर्वांहून नाजूक. इंग्रज साहेबांनी थंड हवेसाठी वस्ती केली आणि येताना हे फळ आणले. आज देशातल्या स्ट्रॉबेरीपैकी सुमारे ८५ टक्के याच परिसरातली असे सांगतात. २०१० साली तिला मानांकन मिळाले. तिच्या संसाराची रीतही न्यारी. परदेशातून आणलेली मातृरोपे पावसाळ्यात घाटाखाली वाईच्या बाजूला रोपवाटिकांत वाढवतात, कारण डोंगरावरच्या धुवाधार पावसात ती जगत नाहीत. पाऊस ओसरला की त्यांची पिले पसरणीचा घाट चढून वर जातात आणि तांबड्या मातीत रुजतात. डिसेंबरपासून तोडणी सुरू होते. वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या या डोंगरावरसुद्धा फळ येते ते पावसाळा संपल्यानंतरच्या कोरड्या, थंड महिन्यांत. म्हणजे येथेही नियम तोच!

तोडलेली स्ट्रॉबेरी दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही. मग ती या भागात इतकी वाढली कशी? उत्तर पाचगणीच्या जॅमच्या कारखान्यांत आहे. १९५९ साली पाचगणीत 'मॅप्रो'ची सुरुवात झाली. पुढे आणखीही कारखाने आले. डौलदार फळ टोपलीत बसून पुण्या-मुंबईला जाते; वेडेवाकडे, जास्त पिकलेले फळ सरबतात आणि जॅममध्ये जाते. भिलारसारखे गाव स्ट्रॉबेरीवर सुखवस्तू झाले. २०१७ साली त्याच भिलारला 'पुस्तकांचे गाव' करण्यात आले आणि स्ट्रॉबेरीवाल्यांच्या घरांत पुस्तकांची कपाटे लागली. पोटापाण्याची चिंता मिटलेले गावच असा पाहुणचार करू शकते.

आता याच्या शेजारी टोमॅटो ठेवून पाहा. दोन-तीन महिन्यांत पीक हाती, नगद पैसा, लहान रानातही परवडते, म्हणून भाजीपाल्याची शेती दोन्ही जिल्ह्यांत वाढली. पण टोमॅटोला आपल्याकडे अजून बेदाण्यासारखा दुसरा जन्म लाभलेला नाही. भाव चढला की शहरात आपण हळहळतो आणि वर्तमानपत्रे बातम्या देतात. भाव कोसळला की तोडणीची मजुरीही निघत नाही, आणि भरलेले क्रेट शेतकरी रस्त्याच्या कडेला ओतून देतो. कोथिंबिरीच्या जुडीचेही तेच. या पिकांचे क्षेत्र वाढते, पण ती पिकवणाऱ्याची ताकद वाढत नाही. क्षेत्राचे आकडे वाढले म्हणजे शेतकरी वर आला, असा समज करून घेण्यापूर्वी त्याचा माल थांबू शकतो का, हे विचारावे.

तहानेची बाग

माणदेशाचे मुख्य फळ डाळिंब. त्याची कथा सुरू होते ती तासगाव तालुक्यातच, आणि तीही फळाने नव्हे तर उपासमारीने. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे हे याच तालुक्यातल्या विसापूरचे. हाताला काम मागणाऱ्याला सरकारने काम द्यावेच, ही त्यांची कल्पना. १९६५ साली तिचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यात झाला. १९७२ च्या दुष्काळात तिने लाखोंना जगवले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढे १९९० साली महाराष्ट्राने या रोजगार हमीला फळबागांची जोड दिली. खडी फोडण्याची मजुरी जशी सरकार देते, तशीच आपल्याच रानात खड्डे घेऊन फळझाडे लावण्याची मजुरी शेतकऱ्याला मिळू लागली. माळरानावर डाळिंब, बोर, सीताफळ, आंबा उभे राहिले ते या एका निर्णयाने. खडी फोडून रस्ता होतो. खड्डा खणून झाड होते. दुसऱ्याचे व्याज पिढ्यान्‌पिढ्या मिळते.

डाळिंबाचा स्वभाव माणदेशी माणसासारखाच. त्याला आधी तहानलेले ठेवावे लागते. महिना-दीड महिना पाणी तोडतात. याला 'ताण देणे' म्हणतात. पाने पिवळी पडून गळतात, झाड मेल्यासारखे दिसते. मग पाणी सोडले की ते कळ्या-फुलांनी असे लगडते की पाहत राहावे. मृग, हस्त आणि आंबे असे त्याचे तीन बहार. कोणता धरायचा हे शेतकरी आपल्या विहिरीत डोकावून ठरवतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'भगवा' ही जात दिली, आणि आटपाडीचे लालभडक डाळिंब परदेशांतही जाऊ लागले.

पण डाळिंबावर संकटेही तशीच आली. फळावर काळे तेलकट डाग पाडणाऱ्या तेल्याने बागाच्या बागा बसवल्या. मर रोगाने उभी झाडे वाळवली. अलीकडे खोडाला सुईएवढी छिद्रे पाडणाऱ्या भुंगेऱ्याने अनेकांना झाडे उपटायला लावली. दुष्काळात टँकरने पाणी घालून, दागिने गहाण टाकून जगवलेली बाग स्वतःच्या हाताने उपटणे म्हणजे काय, हे ज्याने उपटली त्यालाच ठाऊक.

टेंभूचे पाणी

आणि आता या कोरड्या मुलुखात पाणी आले आहे. कराडजवळ टेंभू नावाचे गाव आहे. गोपाळ गणेश आगरकरांचे हे जन्मगाव. ज्या गावाने महाराष्ट्राला सुधारक दिला, त्याच गावापाशी कृष्णेचे पाणी उचलून टप्प्याटप्प्याने कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि पलीकडे सांगोल्यापर्यंत नेण्याची योजना १९९६ च्या सुमारास सुरू झाली. ताकारी आणि म्हैसाळ या तिच्या थोरल्या बहिणी. पाणी डोंगर चढून यायला वर्षेच्या वर्षे गेली. वाळव्याच्या क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीला पाणी परिषदा भरवल्या, म्हातारी माणसे उन्हात बसून घोषणा देत राहिली. शेवटी ओढे वाहू लागले, तलाव भरले, तेव्हा लोकांनी पाण्याची खणा-नारळाने ओटी भरली. हा आनंद ज्याला परका वाटेल त्याने कधी घागर घेऊन टँकरमागे धावून पाहावे.

मात्र पाण्यामागोमाग ऊसही आला. काही गावांत डाळिंब गेले आणि त्या जागी उसाचे कांडे रुजले. शेतकऱ्याला यात दोष कसा द्यावा? उसाला कायद्याने ठरलेला भाव आहे. त्यावर पाऊस पडला तरी तो तडकत नाही, रात्री उठून त्याच्यावर फवारणी करावी लागत नाही. द्राक्षात तीन वर्षे मिळवलेले चौथ्या वर्षी एका रात्रीच्या पावसात जाते; उसात फारसे मिळत नसले तरी झोप लागते. पण उसाला वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी लागते, आणि ठिबकवरची द्राक्षबाग त्याच्या निम्म्याहूनही कमी पाण्यात भागवते. सातारच्या पायथ्यापासून विजेवर उचलून आणलेले पाणी वरच्या गावांनी उसाला पाजले, तर शेवटच्या गावाला घागरच उरेल. ही भीती काल्पनिक नव्हे. म्हणूनच पाणी प्रत्येक कुटुंबाला सारखे वाटावे, आणि तेही पाटाने न सोडता बंद नळातून मोजून द्यावे, अशी मागणी याच दुष्काळी भागातून पुढे आली.

आकाशही आता पूर्वीसारखे भरवशाचे राहिले नाही. २०१९ च्या ऑगस्टात सांगली शहर कृष्णेच्या पुरात बुडाले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात पूर्वेकडचे तालुके चारा छावण्यांत होते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात लांबलेल्या पावसाने त्याच तालुक्यांतल्या नुकत्या छाटलेल्या द्राक्षबागा धुऊन काढल्या. एका जिल्ह्याने एका वर्षात तीन ऋतूंचे तीन मार सोसले. २०२५ साली तर मेअखेरीच्या आधीच पाऊस दाखल झाला. खरड छाटणीनंतर काडीला ऊन हवे असते, तेव्हाच ढग आले आणि अनेक बागांत घडच कमी निघाले. ज्या कोरड्या वाऱ्याच्या विश्वासावर हा सारा पसारा उभा राहिला, तोच आता हुलकावणी देऊ लागला आहे. बागेवर प्लॅस्टिकचे छत घालणे हा एक उपाय. पण त्याचा खर्च लहान शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचा.

तेव्हा या दोन जिल्ह्यांतल्या फळबागा वाढणार की आटणार, याचे उत्तर केवळ हेक्टरांत मिळणार नाही. पाणी मोजून मिळाले, पावसाच्या तडाख्यात बाग वाचवण्याला विम्याचा खरा आधार मिळाला, आणि टोमॅटो-डाळिंबालाही बेदाण्यासारखा थांबण्याचा हक्क मिळाला, तर माणदेशातला तरुण उसाच्या वाटेला जाणार नाही आणि मुंबईच्याही वाटेला लागणार नाही. वाडवडिलांच्या तहानेतून आलेले शहाणपण त्याच्या हाती आहेच.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा तासगाव, मणेराजुरी, सावळजकडच्या बागांत गोडी छाटणी उरकलेली असेल किंवा चालू असेल. छाटलेल्या काड्यांवरचे डोळे फुगून त्यांतून कापसासारखी लव दिसू लागण्याचे हे दिवस. शहरात नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी बंब पेटतील, त्याच वेळी तिकडे कुणी शेतकरी अंगणात येऊन आधी आकाशाकडे पाहील. चांदण्या स्वच्छ दिसल्या आणि पूर्वेकडून कोरडा गार वारा आला, तर तो मुलांना फटाके लावायला उठवील. ढग दिसले, तर फवारणीचा ट्रॅक्टर काढील. त्याच्या घरची दिवाळी त्या वाऱ्यावर ठरते.